नवव्या नंबरचा फिनिशर

दुबईत इतकी वर्षं काय केलंत, असं कुणी विचारलं की मी खरं उत्तर देते आणि समोरचा माणूस विषय बदलतो. जबल अलीच्या एका लॉजिस्टिक्स कंपनीत मी प्लॅनिंगला होते. पुढच्या आठवड्यात बंदरावरून किती कंटेनर येतील, ते रिकामे करायला किती माणसं लागतील, याचा अंदाज बांधायचा. अंदाज बरोबर आला तर कुणाच्या लक्षात येत नाही आणि चुकला तर शिपायापासून मालकापर्यंत सगळे तुम्हाला नावानिशी ओळखायला लागतात. या कामावर दिवाळी अंकात लेख लिहा, असं मला कुणी जन्मात म्हणालं नसतं. संपादकांना हवी आहेत ती माझ्या नोकरीची शेवटची वर्षं, ज्यात कंपनीने मला कंटेनरांच्या जोडीला बेसबॉलही मोजायला लावला.

होय, बेसबॉल. वाळवंटात. मालक कोकणी, एचआर केरळी, फटकेबाज पठाण, आणि कोण कितव्या नंबरवर खेळणार हे ठरवायला पुण्यात वाढलेली, आयुष्यात बॅट हातात न धरलेली एक बाई. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. यूएईत हा मोठाच गुण आहे, कशाचंच काही वाटत नाही.

आमचे मालक मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, खाडीकाठच्या एका गावचे. सगळे त्यांना शेठ म्हणत, मीही म्हणे. आपण एका ट्रकवर धंदा सुरू केला हे ते दर वार्षिक जेवणात सांगत, आणि तो ट्रक दर वर्षी थोडा अधिक मोडका होत जाई. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक जपानी कंपनी. त्यांचे यंत्रांचे सुटे भाग आमच्या गोदामात असत. तिचे इथले प्रमुख मोरी-सान हे अतिशय अबोल गृहस्थ. मीटिंगमध्ये ते मान हलवत, आणि ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, यावर आमच्याकडे नंतर वेगळी मीटिंग होई. या मोरी-सानना बेसबॉलचं वेड होतं. जबल अलीतल्या काही परदेशी कंपन्यांनी मिळून हिवाळ्यात शनिवार-रविवार सकाळी सामने भरवायला सुरुवात केली होती. मोरी-सान तिथे चक्क बोलतात आणि हसतातसुद्धा, ही बातमी शेठच्या कानावर गेली. झालं.

"आपली पन टीम पायजे. यल्ला, चला मॅडम, तुमी हिशेबवाल्या. तुमी बघा."

"शेठ, मला क्रिकेटसुद्धा धड कळत नाही."

"मग तर बेस्ट. ज्याला कळतं ना, तो माझ्याशी वाद घालतो."

माझी नेमणूक झाली ती या गुणवत्तेवर.

आता ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मलाही ते कुणीतरी सांगायला हवे होते, पण मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "आई, जस्ट गूगल इट." बेसबॉलमध्ये मैदानाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस असतात. बॅटवाल्याने बॉल मारायचा आणि एकेक बेस गाठत फेरी पूर्ण करून परत घरी यायचं, की एक रन. बॅट फिरवून तीनदा बॉल हुकला की बॅटवाला आऊट, आणि असे तीन जण आऊट झाले की डाव थांबतो आणि समोरच्यांची पाळी येते. थोड्या वेळाने आपली पाळी पुन्हा येते, पण बॅटिंगची रांग पहिल्यापासून सुरू होत नाही. मागच्या खेपेला जिथे थांबली होती तिथून पुढे. नऊ जणांची ही रांग गोल फिरत राहते. आणखी एक गंमत म्हणजे बॉल टाकणाऱ्याने चार वेळा बाहेरचे बॉल टाकले आणि बॅटवाल्याने मोह आवरून ते सोडून दिले, तर त्याला पहिला बेस फुकट मिळतो. बॅटही हलवायला लागत नाही. चालत जायचं.

मी हे माझ्या पद्धतीने समजून घेतलं. गोदामाच्या दाराशी किती ट्रक उभे आहेत आणि शिफ्ट किती उरली आहे, हे पाहून आज किती माल बाहेर पडेल ते मी रोजच सांगत होते. इथे ट्रकच्या जागी बेसवर उभी असलेली माणसं आणि उरलेल्या शिफ्टच्या जागी उरलेले आऊट. दोन जण बेसवर आणि एकही आऊट नाही, तर सरासरी इतके रन होतील. कुणीच बेसवर नाही आणि दोघं आऊट, तर जवळजवळ शून्य. सरावाच्या आणि दुसऱ्यांच्या मॅचमध्ये जाऊन बसले, आकडे गोळा केले, कंटेनरांच्याच एक्सेलमध्ये घातले. त्यातून एक गोष्ट उन्हासारखी लख्ख दिसली. रांगेत जो वर, त्याला पाळ्या जास्त. जो तळाला, त्याला कमी. म्हणून जो हमखास बेसवर पोचतो तो पहिला, आणि त्याच्या मागोमाग दणकट फटके मारणारे, म्हणजे आधी पोचलेल्यांना ते घरी आणतील. यात रॉकेट सोडण्यासारखं काही नाही.

पण ऑफिस नावाची गोष्ट असते. एचआरच्या मॅथ्यूंनी माझी यादी पाहिली आणि चष्मा काढून ठेवला. ते चष्मा काढत तेव्हा कुणाची तरी नोकरी जात असे.

"मॅडम, दिस इज नॉट पॉसिबल. पहले नंबर पे स्टोअर सुपरवायझर? और फायनान्स मॅनेजर आठवाँ? ग्रेड के हिसाब से लिखना पडेगा ना."

मॅथ्यूंच्या हिशेबाने मॅनेजरने आधी बॅट धरायची, मग असिस्टंट मॅनेजरने, आणि क्रेनवाला गुल खान आपोआप शेवटी. कंपनीच्या बसमध्ये बसायची जागा ज्या नियमाने ठरते त्याच नियमाने. मी त्यांना म्हटलं, बॉल टाकणारा समोरच्याचा ग्रेड बघून टाकत नाही. ते म्हणाले, "बट फोटो में तो दिखेगा." शेवटी फोटो ग्रेडप्रमाणे आणि खेळ आकड्यांप्रमाणे, असा तह झाला. शेठ त्या हिवाळ्यात गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लंडनला होते, म्हणून हा तह टिकला आणि आमची नवखी टीम चारपाच मॅच जिंकून बसली. मालक जागेवर नसताना कंपनी उत्तम चालते, हा माझा जुना अनुभव होता. बेसबॉलने तो पक्का केला.

त्या यादीतला पहिल्या नंबरचा स्टोअर सुपरवायझर म्हणजे भूषण सोनवणे, जळगावकडचा. आपल्याकडे त्या भागातल्या शाळांत सॉफ्टबॉल चांगला खेळतात, हे मला दुबईत येऊन कळलं. भूषण शाळेत सॉफ्टबॉल आणि पुढे विद्यापीठाकडून बेसबॉल खेळलेला. आमच्या टीममध्ये हा खेळ आधी खेळलेला तो एकटाच, आणि दिसायला सगळ्यात निरुपयोगी. किरकोळ अंगाचा, बॅट खांद्यावर टाकून निवांत उभा राहायचा. एक बॉल सोडला, दुसरा सोडला, तिसऱ्याला जरा मागे झाला, चौथा सोडला आणि बॅट ठेवून चालायला लागला पहिल्या बेसकडे. भाजी घ्यायला निघाल्यासारखा.

"भूषण, तुला मारावंसं वाटत नाही का रे?" मी एकदा विचारलं.

"वाटतं ना ताई. पण बाहेरचा बॉल माझा नाहीच, तर मी त्याला हात कशाला लावू?"

माझ्या एक्सेलमध्ये या माणसाइतकं मोलाचं कुणी नव्हतं. तो पहिला आणि गुल खान तिसरा, असं असलं की रनांचा अंदाज वर जायचा. त्याला खाली ढकललं की अंदाज घसरायचा. गुल खान पेशावरकडचा, दोन्ही हातांनी बॅट फिरवली की बॉल पलीकडच्या कंपनीच्या पार्किंगमध्ये. भूषण बेसवर जायचा, गुल खान त्याला घरी आणायचा. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नसत, पण त्यांचं बरं चाललं होतं.

दुसऱ्या हिवाळ्यात दोन गोष्टी झाल्या. गोदामात आपोआप माल लावणारी यंत्रं आली आणि शेठ नवा गुडघा घेऊन परत आले. यंत्रं आली म्हणजे माणसं कमी होणार. सगळीकडे कुजबुज सुरू झाली. तेव्हा शेठनी कॅन्टीनमध्ये उदार मनाने जाहीर केलं, "जो टीममध्ये, तो कंपनीत. टीमच्या पोरांची कॉन्ट्रॅक्टं रिन्यू होनार, खलास." भूषणचं कॉन्ट्रॅक्ट मार्चअखेर संपत होतं. त्याने नुकतंच बायकोला आणि मुलीला आणलं होतं, शारजात एका फ्लॅटमधली एक खोली घेऊन राहत होते. मुलीला केजीत प्रवेश मिळाला होता. कॉन्ट्रॅक्ट गेलं की तिघांचंही बिऱ्हाड उचलायचं. तो मला काही बोलला नाही, फक्त नव्या यादीत आपलं नाव आहे ना, एवढं दोनदा विचारून गेला. मी म्हटलं, तू तर पहिला आहेस.

शेठ पहिल्यांदाच मैदानावर आले त्या रविवारी भूषणने तीन वेळा बॉल सोडले आणि तीन वेळा चालत बेसवर गेला. मी खूश होऊन शेठकडे पाहिलं. शेठचा चेहरा कढी फाटल्यासारखा झाला होता. दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं.

"मॅडम, तो पैला पोरगा. तो मारतो कधी?"

"तो मारत नाही शेठ, बेसवर जातो."

"फुकटात?"

"फुकटातच."

"तसला फुकटाचा रन नको आपल्याला. मोरी-सान समोर बसलेत. त्यांना काय वाटेल, आपला मानूस कामचोर हाय? उभा राहतो नुसता!" मग खुर्ची पुढे ओढून मला समजावणीच्या सुरात म्हणाले, "आनि गुल खान तिसरा कशाला? तो फिनिशर हाय. फिनिशरला शेवटी ठेवतात. मी गावच्या टीमचा कॅप्टन होतो, मॅडम."

मी कागद काढला, नऊ जणांचं वर्तुळ काढलं. म्हटलं, शेठ, क्रिकेटमध्ये शेवटची षटकं कधी येणार हे ठाऊक असतं, म्हणून फिनिशर राखून ठेवता येतो. इथे तीन आऊट झाले की संपलं. त्या वेळी कोण बॅट धरून उभा असेल हे कुणाच्या हातात नाही. नवव्या नंबरला ठेवलेल्या माणसाला फक्त पाळ्या कमी मिळतात. आपला सगळ्यात मोठा ट्रक सगळ्यात कमी फेऱ्यांना पाठवल्यासारखं आहे हे.

शेठनी वर्तुळाकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, पटलं.

"याचा नेट रन रेट काय येतो?" त्यांनी विचारलं.

पुढची चर्चा कशी झाली असेल हे वाचकांच्या लक्षात आलंच असेल. नवी यादी शेठनी स्वतः लिहिली. गुल खान नववा. आठवा अदनान, म्हणजे शेठचा भाचा, लंडनहून एमबीए करून नुकताच मार्केटिंगला आलेला. दिसेल तो बॉल मारायचा, हे त्याचं धोरण. आणि भूषण सातवा, तोही माझ्या शब्दाखातर.

"आणि त्याचं कॉन्ट्रॅक्ट?" मी उठता उठता विचारलं.

"मॅच तर होऊ दे. इन्शाल्ला."

इथे बरीच वर्षं काढलेल्या माणसाला इन्शाल्ला ऐकताना शब्दाकडे नाही, आवाजाकडे लक्ष द्यावं लागतं. शेठचा आवाज फाईल मिटवतानाचा होता.

उपांत्य सामना नेमका मोरी-सानच्या कंपनीशी होता. जपानी लोक मैदानात शिरताना मैदानाला वाकून नमस्कार करतात. आमचे लोक शिरताना सेल्फी काढत होते. शेठ पहिल्या रांगेत, मोरी-सानच्या शेजारी. मी मागे, आकड्यांसह. खेळ अटीतटीचा झाला, म्हणजे आम्ही नशिबाने आणि ते सवयीने खेळत होते. शेवटच्या डावात आम्हाला बरोबरीसाठी एक रन हवा होता. आमचे दोन जण पटकन आऊट झाले. आता एकच आऊट हातात आणि बॅटवर सातवा, भूषण.

पहिला बॉल बाहेर. सोडला. दुसरा बाहेर. सोडला. "अरे मार ना!" शेठ खुर्चीतून ओरडले. तिसरा नीट आला, भूषणने जोरात मारला, पण रेषेबाहेर गेला. नंतरचे दोन्ही बाहेर. तो चालत पहिल्या बेसवर गेला. बॉल मारलेला नसतानाही पळायची या खेळात मुभा असते, म्हणून तिथून संधी साधून दुसऱ्या बेसवर पळाला. पुढचा एक बॉल त्यांच्या कीपरच्या हातातून निसटला, तेवढ्यात हा तिसऱ्या बेसवर. घर आता समोर दिसत होतं, आणि पुढचा गुल खान असता तर मी तेव्हाच निकाल लिहून टाकला असता. पण पुढचा गुल खान नव्हता, अदनान होता. त्या बिचाऱ्याने आपलं धोरण सोडलं नाही. पायाजवळचा एक, डोक्यावरचा एक, आणि एक असा की जो मारायला त्याला शेजारच्या प्लॉटमध्ये जावं लागलं असतं. तिन्ही वेळा त्याने जिवाच्या आकांताने बॅट फिरवली आणि तिन्ही वेळा बॉल हुकला. आऊट. मॅच संपली.

नववा गुल खान बाजूला हेल्मेट घालून, बॅट तोलत उभा होता. तो तसाच उभा राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडमजी, हमारा फिनिश कब है?"

मला हसू आलं नाही. भूषण अजून तिसऱ्या बेसवर होता, पाय बेसला लावून. मॅच संपली आहे हे त्याला कळलं होतं, पण हलायला तो तयार नव्हता.

सोमवारी शेठनी पराभवाचं कारण शोधून काढलं. "सातवा नंबर तिथे उभाच राहिला! चार पावलं पळून यायला काय झालं होतं?" मी सांगितलं की बॉल कीपरच्या हातात होता, तो पळून आला असता तर आऊट होऊन मॅच त्याच क्षणी संपली असती. शेठ म्हणाले, तशीपण संपलीच की. अदनानने दाखवलेल्या जिद्दीबद्दल त्याचं मीटिंगमध्ये कौतुक झालं. भूषणचं नाव टीममधून निघालं, आणि मॅथ्यूंनी चष्मा काढला.

मी त्या दिवशी संतापले, आणि संताप गिळला नाही. शेठच्या केबिनमध्ये जाऊन म्हटलं, की या माणसाने तुमच्यासाठी सगळ्यात जास्त काम केलं आहे आणि तुम्ही त्याला काढता आहात कारण ते करताना त्याला घाम आला नाही. शेठ रागावले नाहीत. कणवेने म्हणाले, "मॅडम, तुमी फार मनाला लावून घेता. पुढच्या साली बघू. इन्शाल्ला." माझा आवाज त्या केबिनमध्ये इतका चढलेला बाहेरच्यांनी प्रथमच ऐकला होता. चहावाल्याने मला न मागता चहा आणून दिला.

भूषण बसच्या रांगेत भेटला. "जाऊ द्या ताई, तुम्ही बोललात ना," म्हणाला. बायकोला अजून सांगितलं नव्हतं. केजीचा युनिफॉर्म शिवायला टाकला होता, तो घ्यायचा की नाही, असं त्याने मला विचारलं. घे, म्हटलं.

त्याच आठवड्यात मोरी-सानचा फोन आला. मला त्यांनी कधीच फोन केला नव्हता, म्हणून मी आधी कंटेनरांचा तपशील उघडून बसले. त्यांनी इंग्रजीत, प्रत्येक शब्द टेबलावर ठेवत विचारलं, "तुमचा सातव्या नंबरचा खेळाडू. तो पहिल्या नंबरवर का नव्हता?"

एवढ्या वर्षांत मला कामाबद्दल विचारलेला तो सगळ्यात शहाणा प्रश्न होता. मी सांगितलं की तो आता कुठल्याच नंबरवर नाही. मग त्यांनी विचारलं, की तो आमच्याकडे स्टोअर बघायला येईल का, तुमच्या शेठची हरकत नसेल तर. शेठची हरकत कशाला असेल? मोठ्या गिऱ्हाइकाला कामचोर माणूस फुकट देऊन टाकायचा, यापेक्षा स्वस्त भेट कोणती? शेठनी सही केली तेव्हा मोरी-सानचं मन जिंकल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. युनिफॉर्म वाया गेला नाही.

नंतरचा हिवाळा हा माझा नोकरीतला शेवटचा. यादी शेठच लिहीत, मी ती टाईप करत असे. गुल खान नववाच. आमची गाठ पुन्हा मोरी-सानच्या टीमशी पडली. मोरी-सान या खेपेस आपल्या टीमजवळ बसले होते, म्हणून शेठ माझ्या शेजारी आले. पहिली बॅटिंग त्यांची. पहिल्या नंबरचा खेळाडू आला. निळा शर्ट, हेल्मेट, किरकोळ अंग. मैदानाला वाकून नमस्कार केला आणि बॅट खांद्यावर टाकून निवांत उभा राहिला.

एक बाहेर, सोडला. दुसरा बाहेर. तिसऱ्याला जरा मागे झाला. चौथा. बॅट ठेवली आणि चालायला लागला.

शेठनी माझ्या हातावर चापट मारली. "बघा मॅडम, बघा! याला बोलतात डोकं. बॅट न लावता बेसवर! जपान्यांकडून शिकायचं ते हे. असा एक मानूस आपल्याकडे पायजे होता."

"तो होता शेठ," मी म्हटलं. "भूषण आहे तो."

शेठनी डोळे बारीक करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळले आणि खऱ्याखुऱ्या तक्रारीच्या सुरात म्हणाले, "मग तवा तुमी मला नीट समजावलं का नाय?"

तेवढ्यात समोर दणका उडाला. त्यांच्या दुसऱ्या नंबरवाल्याने बॉल दूर टोलवला होता आणि भूषण पळत होता, दुसरा बेस, तिसरा, आणि या वेळी तो थांबला नाही. घर गाठलं. मी उभी राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. आमच्या बाजूने वाजवणारी मी एकटीच होते. शेठ म्हणाले, "मॅडम, रन त्यांचा झाला." मी म्हटलं, "माहीत आहे," आणि वाजवत राहिले.